पाटी एका घरी मुक्काम करत नाही

वेदीवरचं पांढरं कापड आजी घरी आणून धुवायची, त्या दिवशी अंगणात कोंबड्यांनाही फिरकायची परवानगी नसे. कापड अक्रोडाच्या सावलीत वाळायचं, पुरतं वाळायच्या आत त्यावर इस्त्री फिरायची, आणि मग झोपलेलं मूल न्यावं तसं ते दोन्ही हातांवर आडवं धरून ती टेकडी चढायची. द्राक्षारस तिच्याच मांडवाचा. चांदीचा पेला तीच घासायची. रोमानियातल्या आमच्या जर्मनभाषक केल्नबाख गावाला स्वतःचे पाळक उरले नव्हते; महिन्यातून एकदा मेडियाश शहराहून एक तरुण पाळक गाडी घेऊन यायचे, आणि ते येण्याआधी घंटेची दोरीही आजीच ओढायची. प्रभुभोजनाची, म्हणजे वेदीपाशी भाकरी आणि द्राक्षारस घेण्याची, वेळ झाली की चर्चमधली मूठभर माणसं उठून वेदीपाशी जायची, गुडघे टेकायची.

आजी उठायची नाही.

बायकांची बाकं आमच्याकडे बिनपाठीची असतात, सणाच्या पोशाखाच्या फिती चुरगळू नयेत म्हणून. त्या बाकावर ती ताठ बसून राहायची, गीतांचं पुस्तक मिटून मांडीवर. तिच्या डाव्या हाताला एक जागा मोकळी असायची. सगळं चर्चच मोकळं, तिथं एका जागेचं काय मोठंसं. पण मी तिथं बसले की ती मला कोपरानं पलीकडे सरकवायची.

"तिथं नको. ती त्रेनीची आहे."

"पण ती तर जर्मनीत असते."

"म्हणून काय झालं? जागा इथंच आहे ना?"

त्रेनी म्हणजे आजीची धाकटी बहीण. नात्यानं माझी आजीच, पण आमच्या घरात तिला कुणी आजी म्हणत नसे. नुसतं त्रेनी.

दोघी वाढल्या गावाबाहेरच्या मळ्यावर, टर्नावा नदीच्या अलीकडच्या उतारावर. वर द्राक्षं, मधे मका, खाली चिखलाच्या डबक्यात म्हशी. आजीचं नाव रोझिना. सहा वर्षांची असल्यापासून ती धारेला बसायची. होल्डे नावाची एक म्हैस होती, ती रोझिनाशिवाय कुणाला थेंब द्यायची नाही. त्यांची आई बसली तरी पाय झाडायची. एकदा रोझिनाला ताप आला. म्हशीचं दूध अंगावर चढणार म्हणून सगळे हवालदिल झाले असताना त्रेनीनं बहिणीचा घामट एप्रन बांधला, तिचाच रुमाल डोक्याला गुंडाळला आणि बादली घेऊन गोठ्यात गेली. होल्डेनं तिला हुंगलं आणि पान्हा सोडला.

"अशी होती आमची त्रेनी," आजी सांगायची. हे सांगताना ती हसायची. त्रेनीच्या गोष्टींपैकी हसून सांगण्यासारखी तेवढी एकच उरली होती. "बारकीशी होती. बादलीपेक्षा उंच नव्हती. पण म्हशीला फसवून आली."

पंचेचाळीसच्या जानेवारीत त्यांच्या वडिलांना गावातल्या इतर जर्मन पुरुषांबरोबर रशियातल्या खाणींकडे नेलं. ते परतले नाहीत. वसंतात सरकारनं मळा काढून घेतला. घरात दुसरी माणसं आली, म्हशी दुसऱ्यांच्या झाल्या, आणि आई व दोन मुली पोरक्या झाल्यासारख्या परसातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात राहू लागल्या. होल्डेचं दूध आता नव्या मालकिणीला काढायचं होतं. तिला ते जमेना म्हणून रोझिनाच आपल्याच गोठ्यात परक्याची धार काढायला जायची आणि मोबदल्यात एक लोटी दूध आणायची. ते त्रेनी प्यायची. आईनं अंथरूण धरलं तेव्हा रोझिना सतरा वर्षांची होती. मरताना आईनं तिच्याकडून एकच शब्द घेतला, धाकटीला एकटी टाकायची नाही.

तो तिनं पाळला. स्वतः मॅथियास वोनर्टशी लग्न करून गावातल्या गिरणी आळीत आली, तेव्हा त्रेनीलाही घेऊन आली. पुढे शेजारच्याच घरातला हान्स त्रेनीला नवरा म्हणून मिळाला. दोन घरांमधे उंच भिंत होती. माझ्या आजोबांनी त्या भिंतीला भगदाड पाडून एक छोटं दार बसवलं. त्याला कडी होती, पण ती कुणी कधी लावलेली कुणाच्या आठवणीत नाही.

आता आळीबद्दल सांगायला हवं, कारण आजीचं सगळं आयुष्य तिच्यावरच उभं होतं. आम्हां इथल्या जर्मन लोकांत आळी म्हणजे नुसता रस्ता नव्हे. एका आळीतली घरं एकमेकांच्या मयताला बांधलेली असतात. कुणी गेलं तर आळी खड्डा खणते, आळी खांदा देते, आळीतल्या बायका मयताच्या घरची भाकरी भाजतात. आळीला एक वडील, म्हणजे आळीचा प्रमुख, निवडलेला असतो. आणि आळीची एक पाटी असते, लाकडाची, हृदयाच्या आकाराची, तळहाताएवढी. काही सांगायचं असलं की वडील ती पहिल्या घरी पाठवतो. पहिलं घर निरोप ऐकून दुसऱ्याला नेऊन देतं, दुसरं तिसऱ्याला. पाटी एका घरी मुक्काम करत नाही. शेवटच्या घरानं ती संध्याकाळच्या आत वडिलांकडे पोचवायची. पाटी फिरल्याशिवाय बोलावलेली सभा ही सभा नव्हे, चार माणसांच्या गप्पा.

प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी पाटी फिरायची आणि आळी वडिलांच्या घरी जमायची. वडील उभा राहून विचारायचा, "कुणाच्या मनात कुणाबद्दल काही आहे का?" असेल त्यानं उठून सांगायचं. ज्याच्यावर राग, त्यानंही उठायचं. काय झालं ते सगळ्यांदेखत बोलायचं आणि हातात हात द्यायचा. हात दिला नाही तर उद्या दोघांपैकी कुणीही वेदीकडे पाऊल टाकायचं नाही. राग धरणारा नाही आणि ज्याच्यावर धरला तोही नाही.

माझ्या आईला या सभेचा अनुभव होता. आई इल्याना, रोमानियन, ऑर्थोडॉक्स चर्चमधे वाढलेली. बाबांनी तिच्याशी लग्न केलं आणि मेडियाशला बिऱ्हाड थाटलं, तेव्हा आजीनं वर्षभर त्यांच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. मग एक दिवस निरोप आला, शनिवारच्या बसनं सुनेला घेऊन या.

"मला वाटलं, शिक्षा करायला बोलावलंय," आई सांगते. "सगळ्या म्हाताऱ्या काळ्या कपड्यात, आणि मी एकटी लाल कोटात. पर्स पोटाशी धरून बसले. तेवढ्यात तुझी आजी उठली. म्हणाली, 'मी माझ्या सुनेवर वर्षभर राग धरलाय. तिचा गुन्हा काय म्हणाल तर ती दुसऱ्या आईच्या पोटी जन्मली.' आणि माझा हात असा धरला की बांगडी वाकली."

"मग?"

"मग काय. घरी नेलं, भाकरी कापली. म्हणाली, 'खा, बारीक आहेस.'"

तर आजीसाठी क्षमा ही अशी गोष्ट होती. हात, आवाज आणि आळी, तिन्ही लागायची.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात कम्युनिस्ट राजवट पडली, सरहद्द उघडली, आणि आमची माणसं जर्मनीकडे निघाली. आधी तरणी, मग त्यांच्या मागून म्हातारी. रोज कुणाचं तरी कपाट रस्त्यावर यायचं. आजोबा आणि हान्स दोघेही तोवर कबरस्तानात होते. माझी आत्या हिल्डा आधीच तिकडे होती, तिला नुकता मुलगा झाला होता. तिनं आजीचे कागद तयार केले होते. आजीनं बाळासाठी मोजे विणले होते आणि पेटी माळ्यावरून खाली काढून पुसून ठेवली होती. पेटी पुसली होती, इतकं मला आईनं सांगितलंय. आजीनं मला ते कधी सांगितलं नाही.

ईस्टरच्या आधीची सभा झाली. वडील होते आंद्रेयास त्सिकेली, जाडजूड, दम्याचा माणूस. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारायच्या आधी म्हटलं, "जो जाणार असेल त्यानं इथं सांगून जावं. चोरासारखं कुणी जायचं नाही. खांदा द्यायला किती उरलो ते आम्हांला कळायला हवं."

माणसं एकेक करून उठली, सांगून बसली. आजी उठणार तेवढ्यात त्रेनी उठली. ती रडत होती.

"मी राहतेय," ती म्हणाली. "माझा हान्स इथं आहे. मूलबाळ नाही, तिकडे मला कोण विचारतंय? पण ताई गेली तर माझ्यावर माती कोण लोटणार?"

आजी उठली. मग म्हणाली, "मी पण राहतेय."

"हात द्या," त्सिकेली म्हणाले. दोघींनी सगळ्यांदेखत हात दिला. घरी येऊन आजीनं पेटी परत माळ्यावर चढवली आणि हिल्डाला कळवलं की येत नाही. हिल्डानं त्यावर बरेच महिने अबोला धरला. तिचा मुलगा आजीनं पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो शाळेत जात होता.

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, पेन्टेकॉस्टच्या रविवारी आजी चर्चला निघाली तेव्हा तिच्या अंगणात त्रेनीच्या कोंबड्या फिरत होत्या. वेंधळी, खुराडं उघडं टाकून बसली असेल, असं पुटपुटत ती त्यांना दाणे टाकून पुढे गेली. बाकावर डावीकडची जागा रिकामी. त्रेनी आजारी आहे असं वाटून आजीनं प्रार्थनेत तिचं नाव घेतलं. घरी येऊन कोंबडीचं सूप केलं, बारीक शेवया घातल्या, भांडं फडक्यात बांधलं आणि भिंतीतल्या दाराशी आली.

दाराला पलीकडून कडी होती.

भांडं हातात धरून ती रस्त्यानं वळसा घालून गेली. मोठ्या फाटकाला कुलूप. समोरच्या घराच्या खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "अगं रोझिना, ती पहाटेच गेली. गाडी आली होती की. तुला सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," आजी म्हणाली. "मीच विसरले."

आयुष्यात ती एकदाच खोटं बोलली असं ती म्हणायची. तेही बहिणीची लाज राखायला.

पुढचं कळत गेलं ते तुकड्यातुकड्यानं. त्रेनीचं घर शहरातल्या एका माणसाला आधीच विकलेलं होतं. पासपोर्ट फेब्रुवारीतच हातात आला होता, म्हणजे सभेत तिनं हात दिला तेव्हा तो तिच्याजवळ होता. आणि पाटी! आदल्या शनिवारी कबरस्तानाच्या साफसफाईसाठी पाटी फिरली होती आणि त्या फेरीतलं शेवटचं घर त्रेनीचं होतं. पाटी संध्याकाळी आली नाही तेव्हा त्सिकेलींना वाटलं, म्हातारी थकली असेल, उद्या चर्चमधे आणून देईल. पाटी कुणी पळवून नेईल हा विचार आमच्यात कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. ती गेली ती न्युरेम्बर्गच्या एका फ्लॅटमधे. तिकडे जाऊन आलेले सांगायचे, त्रेनीच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या वर टांगली आहे, छान दिसते.

ऑगस्टमधे त्सिकेलीही गेले. आजीच्या दारात उभे राहून दम खात म्हणाले, "रोझिना, पाटी नाही, आळी नाही, आता वडील तरी कशाचा?" आजीनं त्यांच्याही हातावर प्रवासासाठी भाकरी ठेवली.

तेव्हापासून ती प्रभुभोजनाला उठली नाही.

मेडियाशचे पाळक मऊ माणूस होते. दर महिन्याला एकदा तरी प्रयत्न करायचे. आजी अंगणात भाकरी ठोकत असायची. आमची भाकरी काळी ठिक्कर होईतो भाजतात आणि मग करपलेलं कवच लाकडी सुरीनं ठोकून काढतात. तो ठकठक आवाज चालू असताना पाळक बाकड्यावर बसायचे.

"रोझिना आजी, माणूस मनातल्या मनातही क्षमा करू शकतो. देव मन पाहतो."

"मनातली क्षमा म्हणजे मनातला स्वयंपाक, पाळकसाहेब. जेवणार कोण?"

"पण त्रेनीबाई तिकडे, तुम्ही इकडे. सभा व्हायची कशी?"

"व्हायची नाही. म्हणून तर बसून आहे."

"देव एवढा हिशेबी नाही हो."

"देव नसेल. पण मी देवाला फसवायला जाऊ का, दुसऱ्याचा एप्रन बांधून?" ती सुरी खाली ठेवायची. "म्हैस फसते. घ्या, गरम आहे तोवर खा."

त्रेनी नाताळला फोन करायची. मी ते फोन ऐकलेत. पलीकडून पुष्कळ बोलणं यायचं. इकडून आजी म्हणायची, "कोंबड्या बऱ्या आहेत." त्या मूळच्या कोंबड्या केव्हाच संपल्या होत्या, त्यांच्या नातींच्या नाती अंगणात होत्या. त्रेनीची कॉफीची पाकिटं यायची. ती आजी न फोडता शेजारच्या व्हियोरिकाला देऊन टाकायची. मात्र हान्सची कबर तिनं आजोबांच्या कबरीइतकीच नीट राखली. एक काडी उगवू दिली नाही. "त्यानं माझं काय वाकडं केलंय?" ती म्हणायची.

मी चौदा वर्षांची होते त्या उन्हाळ्यात गावातून गेलेल्यांचा मेळावा भरला. आळीत चकचकीत गाड्या लागल्या, टेकडीवर माणसांची गर्दी झाली, जो तो आपल्या जुन्या घरासमोर उभा राहून फोटो काढत होता. शनिवारी दुपारी आजी, आई आणि मी अंगणात फरसबी निवडत होतो. फाटक वाजलं. फिकट निळ्या जॅकेटमधली, केस कापलेली एक ठेंगणी म्हातारी आत आली. आधी तिनं भिंतीकडे पाहिलं. दार कधीच विटांनी बुजवलं होतं, शहरातल्या माणसानं.

"ताई," ती म्हणाली.

आजीनं शेंगेची शीर ओढून काढली. "आलीस. बस. इल्याना, हिला पाणी दे. चढ चढून आलीय."

त्रेनी पाणी प्यायली. आई उगाच विचारत होती, प्रवास कसा झाला, उकडत होतं का. त्रेनीनं पर्समधून टॉवेलची गुंडाळी काढली आणि शेंगांच्या टोपलीशेजारी उलगडली. पाटी. मी ती पहिल्यांदा पाहत होते. कडा हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या, वर नवं व्हार्निश.

"परत आणलीय," त्रेनी म्हणाली. "मी आता ऐंशीची झाले, ताई. उद्या तुझ्या शेजारी बसून प्रभुभोजन घ्यावं म्हणून आले."

आजीनं पाटीला हात लावला नाही. "हिला चकाकी कुणी लावली?"

"मी. लाकडाला कीड लागत होती."

"घरात कोंडून ठेवली की लागतेच." आजी उभी राहिली. "माझ्या घरी का आणलीस? मी पहिलं घर नाही. जा, फिरव."

"कुणाकडे फिरवू? आपलं कुणी राहिलंय का आळीत?"

"घरं आहेत. घरात माणसं आहेत."

"रोमानियन आणि जिप्सी! त्यांना काय ठाऊक पाटी?"

"त्यांना कुणी दाखवली होती का?" आजी म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात मी घसरून पडले तेव्हा मला उचललं कुणी? न्युरेम्बर्गनं? जा. आज संध्याकाळी माझ्या अंगणात. कुणाला कुणाबद्दल काही असेल तर बोलायला या, असं सांग. शेवटच्या घरातून पाटी इथं आण."

आई म्हणाली, "अहो आई, मी जाते ना, त्यांचे पाय..."

"तिचे पाय इथवर आले ना?"

त्रेनी गेली. मी फाटकातून पाहत राहिले. निळं जॅकेट एका दारावरून दुसऱ्या दारावर जात होतं. तरुणपणीची रोमानियन भाषा तिच्या तोंडात अडखळत होती. लोक दारात येऊन, हात पुसत, पाटी उलटसुलट करून पाहत होते. त्सिकेलींच्या घरात आता शेळ्यावाला दुमित्रु राहायचा. तो ओरडून विचारत होता, "विकायची आहे का, आजीबाई? कितीला?"

पण संध्याकाळी ते आले. दुमित्रु धुतलेला सदरा घालून, व्हियोरिका नवऱ्याला ओढत, कोपऱ्यावरचं भांडी कल्हई करणारं कुटुंब आपल्या खुर्च्या घेऊन. मेळाव्याला आलेली आमची काही माणसंही कुतूहलानं येऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

"प्रश्न कोण विचारणार?" कुणीतरी म्हणालं. "वडील तर नाही."

"मी विचारू शकत नाही," आजी म्हणाली. "माझंच भांडण आहे." तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्या आईवर थांबली. "इल्याना, तुला शब्द ठाऊक आहेत. तू या सभेत बसलेली आहेस."

आईनं एप्रन सोडला, पुन्हा बांधला, उभी राहिली. आमच्या बोलीत तिचे उच्चार अजून चुकतात. "कुणाच्या मनात," ती म्हणाली, "कुणाबद्दल काही आहे का?"

"माझ्या आहे," आजी म्हणाली. "माझ्या बहिणीबद्दल."

त्रेनी उठली. तिचे हात पर्सवर होते, पाटी आता आईकडे होती. "मी ईस्टरच्या सभेत शब्द दिला की राहीन," ती म्हणाली. "पासपोर्ट तेव्हा माझ्या खिशात होता. मी गेले. सांगितलं नाही. पाटी नेली. मला क्षमा कर, ताई."

व्हियोरिका नवऱ्याच्या कानात भाषांतर करत होती, तीही थांबली. आजीचा उजवा हात एप्रनवरून उचलला गेलेला मी पाहिला. तिला देऊन टाकायचं होतं. इतक्या वर्षांचं ते काम आता हातावेगळं होणार होतं. पण आजी शेतावरची बाई. पोतं पाठीवर घेण्याआधी आत काय आहे ते विचारणारी.

"जायचंच होतं तर मला का थांबवलंस?" तिनं विचारलं. "मी काही तुझ्या आड आले नसते. माझीही पेटी तयार होती, त्रेनी. बरोबर गेलो असतो."

त्रेनीनं सरळ उत्तर दिलं. रडली नाही, बनावही केला नाही, हे मी तिच्या बाजूनं सांगते.

"तू गेली असतीस तर गाव उरलं नसतं," ती म्हणाली. "हान्सच्या कबरीवर गवत माजलं असतं. चर्चला कुलूप लागलं असतं. तिकडे मी डोळे मिटले की मला इथं तू दिसायला हवी होतीस, घंटा वाजवताना. कुणीतरी इथं असायला हवं होतं, ताई. मला परत यायला."

आजीचा हात पुन्हा एप्रनवर गेला.

"म्हणजे मी तू मागे लावून गेलेलं कुलूप," ती म्हणाली.

"ताई, तसं नाही..."

"मी तुझ्या जाण्याची क्षमा घेऊन बसले होते. सगळी वर्षं तीच राखत होते. ही दुसरीच गोष्ट आहे. हिच्यासाठी माझ्याकडे आज काही नाही." ती आईकडे वळली. "इल्याना, लोकांना काहीतरी खायला दे. उपाशी नको जायला."

आईनं सायीचा केक कापला. दुमित्रुनं दोन तुकडे खाल्ले आणि जाताना त्रेनीला सांगितलं, "आमच्याकडे बहिणी भांडतात तर निदान भांडी तरी फोडतात हो."

दुसऱ्या दिवशी चर्च गच्च भरलं होतं. त्रेनी येऊन आजीच्या डावीकडे, आपल्या जागी बसली. आजीनं तिला सरकवलं नाही. तिच्या हातात गीताचं पान काढून दिलं. प्रभुभोजनाला ओळीच्या ओळी उठल्या. त्रेनीही उठली. आजीनं तिच्याकडे पाहिलंदेखील नाही, पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं इतकंच. त्रेनी उभी राहिली, पुढच्या बायका तिला ओलांडून गेल्या, आणि मग ती हळूच खाली बसली. गिरणी आळीचा नियम तिच्याही अंगात होता. त्या बिनपाठीच्या बाकावर दोघी म्हाताऱ्या ताठ बसून होत्या, आणि आजीनं धुतलेल्या कापडावरून भाकरी दुसऱ्यांना मिळत होती.

त्रेनी त्याच आठवड्यात परत गेली. आजी पुढे दोन हिवाळे जगली. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा पाळक पेला आणि भाकरी घेऊन घरी आले.

"आजी, आता तरी."

"त्रेनी आलीय का?"

"नाही. फोनवर बोलायचंय का?"

"फोनला हात कुठं असतो?" ती म्हणाली. "ठेवा ते. तुमचं थंड होत नाही ना? मग राहू दे." आणि भिंतीकडे कुशीवर वळली. सत्याऐंशी वर्षांपैकी एकही रविवार न चुकवलेली माझी आजी त्या जेवणाविना गेली. पाळक अंगणात येऊन बराच वेळ बाकड्यावर बसून होते.

आई पाटी घेऊन बाहेर पडली. पहिल्या घरी दिली. दुमित्रु, व्हियोरिकाचा नवरा आणि कल्हईवाल्याचे दोघं पुतणे यांनी गोठलेल्या जमिनीत खड्डा खणला. व्हियोरिकानं भाकरी भाजली आणि कवच ठोकून काढलं, जरा जास्तच. पाटी संध्याकाळच्या आत परत आली.

रात्री त्रेनीचा फोन आला. दवाखान्यात होती, येणं झालं नव्हतं. आईनं तो माझ्या हातात दिला.

"खड्डा कुणी खणला?" त्रेनीनं विचारलं.

"आळीनं."

ती मग म्हणाली, "हान्सशेजारी माझी जागा होती. ती आहे का गं अजून? की ताईनं तिथं काही लावलं?"

मी दुपारीच ते पाहिलं होतं. हान्सच्या कबरीवर झेंडूच्या वाळक्या काड्या होत्या, आजोबांच्या कबरीवरही होत्या. हान्सच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जमीन तशीच होती. आजीनं तिथं काहीच लावलं नव्हतं. तणही कधी येऊ दिलं नव्हतं.

"जागा आहे," मी म्हणाले.